एका घराचें अंतर

पेण-रोह्यापासून सांगलीपर्यंत महाराष्ट्रांत पूर्वीं बुद्धिबळाचा जो डाव मांडला जाई, तो देशी पद्धतीचा. त्यांत प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर सरके. राजाला शह लागलेला नसेल तर डावांत एकदां घोडेउडी मिळे. विलायती डावांत प्यादें प्रथम दोन घरें जाऊं शकतें. अंतर एका घराचें, पण त्यानें खेळाचा स्वभावच पालटतो. तिकडे चौथ्या खेळीला फौजा भिडतात. इकडे आधीं तटबंदी, मग युद्ध.

हे दोन स्वभाव १८४८ सालीं कलकत्त्यास समोरासमोर आले. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर; महेशचंद्र बंदोपाध्याय हा मुफसलांतला ब्राह्मण. दोघांनीं राजापुढील प्यादीं दोन घरें टाकलीं. कॉक्रेननें घोडा काढून काळ्या प्याद्यावर रोखला. महेशचंद्रानें तें न राखतां उलट पांढऱ्या प्याद्यावर आपला घोडा रोखला. कॉक्रेननें प्यादें मारलें. वजिरापुढील प्यादें एक घर सरकवून महेशचंद्रानें त्या घोड्यास हुसकलें. शहाणा घोडा येथें परततो. हा मात्र राजाच्या उंटापुढील प्यादें मारून थेट राजाशेजारीं बसला! वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्या माऱ्यांत. राजानें त्याला मारणें भाग.

हिशेब पाहा. घोडा गेला, प्यादीं दोनच आलीं. पण काळा राजा उघड्यावर, आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा बुडाला. कॉक्रेननें लागलीच उंटाचा शह दिला. ही घाई होय. वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकून मध्यभाग व्यापावा, हें पुढील अनुभवानें ठरलें. घड्याळ लावून खेळणाऱ्या हौशी खेळाडूंच्या सामन्यांत अशा राजाचा बचाव करणें फार जड जातें. ही चाल निव्वळ पोरखेळ म्हणावी, तर १९९९ सालीं लिनारेस येथें टोपालोवनें ती क्रामनिकसारख्यावर खेळून डाव बरोबरींत सोडविला.

मग देशी पद्धत मंदबुद्धीची काय? तसें म्हणणारे महेशचंद्राचे पुढचे डाव पाहात नाहींत. घोड्यापुढील प्यादें एकच घर सरकवून तो त्यामागें उंट बसवी, शत्रूला मध्यभाग घेऊं देई, आणि दुरून त्यावर मारा करी. १८५५ च्या एका डावांत त्यानें कॉक्रेनविरुद्ध केलेली मांडणी १९२२ सालीं ग्रुनफेल्डनें नामांकित सामन्यांत आणली. ती आज जगभर खेळली जाते; नांव मात्र त्या व्हिएन्नाच्या गृहस्थाचें.