महाराणीच्या शाळेपासून हाडीपर्यंत

1881 साली, इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याच्या स्वाधीन केले त्याच वर्षी, म्हैसूर शहरात राजाश्रयाने मुलींची शाळा निघाली आणि तिचाच पुढे महाराणी कॉलेज म्हणून विस्तार झाला. आरंभी तिच्या वर्गांत प्रामुख्याने उच्चवर्णीयांच्याच लेकी दिसत. तरीही राजघराण्याने मुलींच्या शाळेमागे उभे राहावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

त्या शहराच्या नैर्ऋत्येस, केरळच्या सीमेला भिडलेल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, नागरहोळेच्या अरण्यालगत जेनु कुरुब आदिवासींच्या हाडी, म्हणजे वस्त्या, आहेत. हाडीतल्या मुलीची घरची बोली वेगळी, पाठ्यपुस्तकातली कन्नड वेगळी. त्यात, शाळेचे वर्ष ऐन भरात असताना शेजारच्या कोडगू जिल्ह्यातल्या मळ्यांत कॉफीची तोडणी सुरू होते, आईबाप मजुरीसाठी निघतात आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन थोरलीही त्यांच्यामागून जाते. परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढणे तिला इतके जड जाते की पुष्कळदा तिचे नाव हजेरीपटावरूनच गळते.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुपारचे जेवण, आश्रमशाळा, आठवीच्या मुलामुलींना सायकली, अशा तरतुदी झाल्या. मला मात्र त्यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो महिला समाख्येचा प्रयोग. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जन्मलेल्या या योजनेसाठी कर्नाटकात जे जिल्हे आरंभी निवडले गेले, त्यांत म्हैसूरही होता. सहयोगिनी, म्हणजे योजनेच्या कार्यकर्त्या, गावोगाव हिंडून आधी आयांचे संघ बांधीत; कारण मुलीला शाळेत धाडायचे की नाही, याचा निकाल चुलीपाशी लागतो, तालुक्याच्या कचेरीत नव्हे. असे काम केंद्राने पुढे बंद करावे, हा माझ्या मते मोठाच प्रमाद होय.

2004 साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये निघाली. त्यांतील 75 टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक मुलींसाठी आणि उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलींसाठी राखलेल्या आहेत. राहण्याजेवण्याची सोय शाळेतच झाली, म्हणजे आईबाप मळ्यावर गेले तरी मुलीचे वर्ष वाया जात नाही. परंतु मूळ योजना आठवीपाशीच थांबत असे, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होण्याचे वयही नेमके तेच. 2018च्या समग्र शिक्षा योजनेने ही विद्यालये बारावीपर्यंत नेण्यास मुभा दिली आहे. ती वाढ मंजुरीच्या कागदांत अडकून न पडता प्रत्येक मागास तालुक्यात प्रत्यक्षात आली पाहिजे, आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकेची जागा एक दिवसही रिकामी राहता कामा नये.