‘इफ’चा काळ आणि मराठीतला संकेतार्थ

सुरतेहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता कडोदरा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. या परिसरातील कापडउद्योगाच्या आधाराने खानदेशातील अनेक कुटुंबे सुरत जिल्ह्यात स्थिरावली. त्यांच्या मुलांच्या कानी घरात मराठी वा अहिराणी आणि बाहेर गुजराती-हिंदी पडते. नोकरीचा कागद मात्र पुष्कळदा इंग्रजीत येतो.

समजा, त्या कागदावर असे वाक्य आहे : ‘हॅड यू रिपोर्टेड बाय मंडे, युवर वेजेस वुड हॅव बीन पेड.’ त्यात ‘इफ’ कोठेच दिसत नाही. घाईने वाचणारा ‘सोमवारपर्यंत हजर झालात तर पगार मिळेल’ असा अर्थ लावील आणि निर्धास्त राहील. वास्तविक वाक्याचा अर्थ ‘हजर झाला असता तर पगार मिळाला असता’ असा आहे. म्हणजेच पगार नाकारला गेला आहे. दार उघडे आहे की बंद झाले, हे येथे केवळ क्रियापदाचे रूप सांगते.

हा भेद मराठी माणसाला परका नाही. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हा संकेतार्थ. मराठी व्याकरणाचा पाया घालणाऱ्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते सुरतेलाच इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि १८४४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेच्या प्रवर्तकांपैकी एक होते. दोन भाषांची व्याकरणे शेजारी ठेवून पाहण्याला त्या शहरात अशी जुनी पार्श्वभूमी आहे.

अडचण येते ती रूपांच्या मांडणीत. मराठीत दोन्ही उपवाक्यांना ‘असता’, ‘असते’ लागते. त्याच सवयीने विद्यार्थी ‘इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन’ असे लिहितो. प्रमाण इंग्रजीत ‘वुड’ फक्त मुख्य वाक्यात येतो; अटीच्या वाक्यात ‘इफ यू हॅड कम’ एवढेच.

दुसरा चकवा अधिक सूक्ष्म आहे. ‘उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही’ यातील ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे, पण गोष्ट उद्याची. गुजरातीत याच जागी ‘वरसाद पडशे तो’ असा भविष्यकाळ चालतो; हिंदीतही ‘बारिश होगी तो’ सहज म्हटले जाते. इंग्रजीला येथे वर्तमानकाळ हवा : ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम’. गुजराती वळणाने ‘इफ इट विल रेन’ होते, ते चुकते. मराठी वळणाने ‘इफ इट रेन्ड’ होते. ते व्याकरणात बसते, पण पाऊस पडण्याचा फारसा संभव नाही असे सुचवते. चूक दिसत नाही, म्हणूनच ती टिकून राहते.

कारण इंग्रजीत अटीच्या वाक्यातला भूतकाळ वेळ दाखवतोच असे नाही. पुष्कळदा तो वास्तवापासूनचे अंतर दाखवतो. ‘इफ आय हॅड अ बाइक, आय वुड गो’ म्हणजे आज गाडी नाही. ‘इफ आय हॅड हॅड अ बाइक, आय वुड हॅव गॉन’ म्हणजे तेव्हा नव्हती. मराठीत ‘गाडी असती तर गेलो असतो’ हे एकच वाक्य दोन्हीकडे चालते. आजची गोष्ट की कालची, हे संदर्भावरून ठरते. इंग्रजी ती मुभा देत नाही. ‘इफ आय वर यू’मधील ‘वर’ हा जुन्या रूपाचा अवशेष. बोलण्यात ‘वॉज’ खपतो, अर्जात ‘वर’ लिहिणे बरे.

नोटिशींत आणखी दोन शब्द भेटतात. ‘शुड यू फेल टु रिप्लाय’ यातील ‘शुड’ उपदेशाचा नव्हे. अर्थ ‘उत्तर दिले नाही तर’. आणि ‘अनलेस’मध्ये नकार आधीच सामावलेला असतो. ‘अनलेस यू साइन’ म्हणजे ‘सही केल्याशिवाय’. त्यात आणखी एक ‘नॉट’ घातला, की सही करणाऱ्याचेच काम अडते.