सावकाराचे खत आणि हरवलेला चित्रपट

गहाणखत कितीही जुने असो, सावकाराच्या पेटीतून ते सहसा गहाळ होत नाही. वाळवीपासून जपून ते कापडात गुंडाळून ठेवतात. तीन पिढ्यांनंतरही मागितल्या दिवशी ते कचेरीत हजर होते. परंतु अशाच एका खताचे कपट ज्याने चव्हाट्यावर मांडले, तो 'सावकारी पाश' नामक मूकपट आज कोणाच्याही पेटीत नाही.

हा चित्रपट आम्हांस परका नव्हे. 1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी तो काढला. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि आपटे म्हणजे आमच्या आष्ट्यापासून फार दूर नसलेल्या समडोळीचे. पडद्यावर देवदेवतांचा आणि इतिहासातील वीरांचा सुकाळ असता पेंटरांनी एक कर्जबाजारी कुणबी उभा केला. सावकार खोट्या कागदाने त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणीमजूर होतो. हा तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. येथे गुन्ह्याचे हत्यार तलवार नव्हे, बोरू! जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात या चित्रपटातील अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे कायमचे राहिले. मूकपटातील कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही; तरी ते विसरले गेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, करमणुकीची एक फीत गेली, त्याचा एवढा शोक कशाला? आमचा धंदा वकिलीचा. आम्ही तिच्याकडे पुरावा म्हणून पाहतो. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा पेटला आणि पसरला, तेव्हा कुणब्यांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर होता. ती हिसकावून त्यांनी जाळली. त्यातून 1879 चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांना लागू होता, आणि आष्टे तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. केवळ कागद पाहू नका, मूळ व्यवहार काय झाला तो तपासा, असे न्यायाधीशांस त्याने बजावले. असे असता 46 वर्षांनी पेंटरांस हीच कथा घ्यावीशी वाटली! पुढे 1946 चा कायदा झाला, 2014 चा झाला. या शेवटल्याने सावकारीच्या ओघात पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत मिळण्याची वाट ठेवली. कायदा पुनःपुन्हा करावा लागतो, याचा अर्थ वाचक जाणतातच.

त्या काळची फीत नायट्रेटची. झटकन पेटणारी, दमट हवेत चिकटून अखेर भुकटी होणारी. शिवाय पुष्कळ जुन्या फिती त्यांतील चांदीसाठी विकल्या गेल्या, म्हणजे येथेही व्यवहार सुटला नाही! हिंदुस्थानात सुमारे 1,300 मूकपट निघाले; त्यांपैकी उरले ते अगदी थोडके. पेंटरांच्याच 'मुरलीवाला' (1927) चित्रपटाचा काही भाग वाचला, 'सावकारी पाश' वाचला नाही. 1936 साली त्यांनी तीच कथा बोलपट करून पुन्हा काढली, हे खरे. परंतु साक्षीदाराने अकरा वर्षांनी दिलेली दुसरी जबानी पहिलीच्या जागी दाखल करता येत नाही.

म्हणून आष्टा, इस्लामपूर, सांगली येथील जुन्या पेढ्यांच्या मालकांस आमची विनंती आहे. पेंटर आपल्या चित्रपटांबरोबर छायाचित्रांसह माहितीपत्रके वाटीत. असे एखादे पत्रक, जाहिरात, चित्रगृहाचा हिशेब माळ्यावरच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. आमच्या वाचकांत सावकार नाहीत असे नाही. कागद जपण्याची विद्या त्यांच्याइतकी कोणास येते? रद्दी विकण्यापूर्वी गठ्ठा एकदा सोडून पाहावा. आणि दैवयोगाने फितीचा डबाच सापडला, तर ती उलगडू नये, दिव्याजवळ नेऊ नये. डबा थंड व कोरड्या जागी, घरापासून वेगळा ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास त्याच दिवशी कळवावे.