हरलेल्या शेवटच्या सामन्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर खेळाची चर्चा म्हणजे क्रिकेटची चर्चा. सुपारी हनुमानापासून टिळकपथाने पैठणगेटपर्यंत चालत गेलात आणि कानावर एखादा स्कोअर पडला, तर तो क्रिकेटचाच असणार. टेनिसचा चाहता इथे अल्पसंख्य. तो ग्रास कोर्टावर घडला नाही. दूरदर्शनवरच्या विम्बल्डनच्या अंतिम फेऱ्या बघत आणि सकाळचा पेपर मागच्या पानापासून उघडत घडला. बोर्ग-मॅकेन्रोपासून फेडरर-नदालपर्यंतची माणसं त्याने पडद्यावरच पाहिली. त्यामुळे एखादा टेनिसपटू निवृत्त झाला की त्याचा निरोप समारंभही पडद्यावरच होतो. पण हळहळ खरी असते आणि वादही खरे असतात. अजून दोन वर्षं सहज खेळला असता, असं एकाने म्हणायचं. दोन वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं, असं दुसऱ्याने.

गेल्या काही वर्षांत या चाहत्यांच्या वाट्याला निरोपच निरोप आले. सेरेना विल्यम्स आणि रॉजर फेडरर 2022 मध्ये, सानिया मिर्झा 2023 मध्ये, राफेल नदाल 2024 मध्ये, रोहन बोपण्णा 2025 मध्ये. या यादीत एक गोष्ट समान आहे. पाचही जण आपला निरोपाचा सामना हरले. सेरेनाला अमेरिकन ओपनच्या तिसऱ्या फेरीत आयला टोमलियानोविचने हरवलं. फेडरर 23 सप्टेंबर 2022 च्या रात्री लंडनमध्ये नदालच्या साथीने लेव्हर कपमधली दुहेरी खेळला आणि जॅक सॉक-फ्रान्सेस टियाफो जोडीकडून हरला; सामना संपला तेव्हा आपल्याकडे पहाट झाली होती. नदाल मालागात डेव्हिस कपमध्ये बॉटिक व्हॅन डी झँडशुल्पकडून सरळ दोन सेटमध्ये पराभूत झाला.

बाद फेरीचं गणित

चाहत्याला वाटतं, नशिबानेच दगा दिला. प्रत्यक्षात ही टेनिसची रचनाच आहे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 खेळाडू उतरतात. पंधरवड्याअखेर त्यातले 127 हरून घरी जातात. न हरता परतणारा एकच. जवळपास प्रत्येक आठवड्याच्या स्पर्धेचा नियम हाच. क्रिकेटपटू कारकिर्दीची शेवटची कसोटी जिंकू शकतो, ती अनिर्णित राहू शकते, स्वतः शून्यावर बाद होऊनही तो विजयी संघातून निवृत्त होऊ शकतो. टेनिसमध्ये जिंकलात की पुढची फेरी समोर उभी. म्हणजे शेवटचा सामना जिंकायचा तर अख्खी स्पर्धा जिंकायची आणि त्याच दिवशी रॅकेट ठेवायची. पीट सॅम्प्रसला ते जमलं: 2002 ची अमेरिकन ओपन आगासीला हरवून जिंकली आणि पुन्हा तो व्यावसायिक सामना खेळलाच नाही. त्याची निवृत्ती औपचारिकपणे जाहीर झाली ती मात्र वर्षभराने. अ‍ॅश्ली बार्टी 2022 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिन्यांत थांबली, तेव्हा ती अवघी 25 वर्षांची आणि जगात अव्वल होती. या दोघांच्या चाहत्यांना विजय मिळाला, पण आपण निरोप देतो आहोत हे त्या दिवशी त्यांना ठाऊक नव्हतं.

विजय आणि निरोप या खेळात एकाच दिवशी क्वचितच भेटतात. चाहत्याच्या पदरात बहुधा दोहोंपैकी एकच पडतं. आपल्या जवळच्या दोन खेळाडूंकडे पाहिलं की हे नीट कळतं.

सानिया: निरोप मिळाला, विजय नाही

सानिया मिर्झाचा जन्म मुंबईचा, पण गुलमंडीसाठी ती हैदराबादची. आणि हैदराबाद इथे परकं नाही. आपलं शहर निजामाच्या दख्खनी राजवटीची पहिली राजधानी होतं आणि 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच होतं. मनमाडहून इथे येऊन पुढे जाणारी रेल्वे आजही माणसं तिकडे नेते-आणते. नातीगोती, शिक्षण, व्यापार, बिर्याणीच्या चवीवरचे वाद, सगळं त्या रुळांवरून चालत आलं. त्यामुळे फेब्रुवारी 2005 मध्ये सानियाने हैदराबादची स्पर्धा जिंकली, डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा आपल्याच शेजारघरात पेढे वाटले गेल्यासारखं मराठवाड्याला वाटलं.

2007 मध्ये ती एकेरीच्या क्रमवारीत 27 व्या क्रमांकावर पोहोचली. मनगटाच्या दुखण्याने पुढे एकेरी सुटली, पण त्यातूनच तिची खरी श्रीमंती उभी राहिली. तीन मिश्र दुहेरी आणि मार्टिना हिंगीसच्या साथीने तीन महिला दुहेरी अशी सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं, आणि दुहेरीत 91 आठवडे अव्वल स्थान. मुलाच्या जन्मानंतर जानेवारी 2020 मध्ये होबार्टला परतली, ती थेट विजेतेपद घेऊन.

तिने 2022 हा शेवटचा मोसम असल्याचं सांगितलं होतं. मग कोपर दुखावलं, अमेरिकन ओपन हुकली आणि निवृत्ती पुढे गेली. दुखापतीमुळे निरोप घ्यायचा नाही, हे तिचं म्हणणं चाहत्यांना पटलं. जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली, तिथे ब्राझीलच्या लुईसा स्टेफानी आणि राफेल मातोस यांनी हरवलं. बोलताना तिचा आवाज भरून आला. अठराव्या वर्षी याच मेलबर्नमध्ये ती सेरेनाविरुद्ध खेळली होती. पुढच्या महिन्यात दुबईत ती पहिल्याच फेरीत हरली आणि व्यावसायिक कारकीर्द संपली. 5 मार्च 2023 ला हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर ती प्रदर्शनीय सामने खेळली. तिथे निकालाला अर्थ नव्हता. लोकांना डोळे भरून पाहता आलं, एवढंच त्या दिवसाचं काम होतं.

लिअँडर: विजय मिळाला, निरोप नाही

लिअँडर पेस कोलकात्याचा, पण वडील वेस पेस मूळचे गोव्याचे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य जिंकणाऱ्या संघातले. मराठी चाहत्याचं लिअँडरशी आणखी एक नातं आहे. 1952 मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं. दुसऱ्यासाठी 44 वर्षं लागली. 3 ऑगस्ट 1996 ला अटलांटात लिअँडरने पहिला सेट गमावून ब्राझीलच्या मेलिजेनीला हरवलं आणि कांस्य मिळवलं.

महाराष्ट्राने त्याला शेवटच्या वर्षांत समोरून पाहिलं. डेव्हिस कपमध्ये दुहेरीच्या सर्वाधिक विजयांचा विक्रम फेब्रुवारी 2017 मध्ये पुण्यात, बालेवाडीत व्हावा अशी सगळ्यांची इच्छा होती. न्यूझीलंडच्या जोडीने ती पुरी होऊ दिली नाही. विक्रम झाला वर्षभराने, चीनमध्ये. 2019 च्या नाताळात त्याने जाहीर केलं की 2020 हे निरोपाचं वर्ष. चाहत्यांनी आठवणी कळवाव्यात, असंही सांगितलं. फेब्रुवारीत तो बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र खेळला, विजेतेपदाविना. मार्चमध्ये झाग्रेबला बोपण्णाच्या साथीने क्रोएशियाची जोडी हरवली. डेव्हिस कपमधला दुहेरीतला तो 45 वा विजय. नंतर करोना आला, टोकियो ऑलिंपिक लांबलं, आणि आठवं ऑलिंपिक राहूनच गेलं. सात ऑलिंपिक आणि 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदांच्या कारकिर्दीचा शेवटचा सामना विजयाचा ठरला. पण तो शेवटचा आहे हे तिथे बसलेल्यांना कळलं नाही. जुलै 2024 मध्ये त्याचा आणि विजय अमृतराजचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. उशिराचा का होईना, तो सत्कार होता. टाळ्यांची ती शेवटची संध्याकाळ मात्र चाहत्यांना मिळाली नाही.

थांबायचं कुणी ठरवायचं?

टेनिसमध्ये निवड समिती वगळत नाही. गुण 52 आठवड्यांनी गळत जातात, क्रमवारी घसरते, तरी पात्रता फेरीचं दार उघडं राहतं. म्हणून थांबण्याचा निर्णय खेळाडूचा एकट्याचा असतो, आणि चाहत्यांचा सल्ला बहुधा चुकतो. बोपण्णाला चाळिशीनंतर थांबायला सांगणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनबरोबर जिंकलेली ऑस्ट्रेलियन ओपन आणि दुहेरीतलं अव्वल स्थान दोन्ही झालं नसतं. त्या स्थानावर पोहोचलेला तो सर्वांत वयस्कर पुरुष खेळाडू. पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत हरून नोव्हेंबर 2025 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या पराभवाने आधीच्या वीसेक वर्षांतलं काही कमी झालं नाही.

तेव्हा शेवटच्या स्कोअरवरून कारकीर्द मोजू नये, हा या साऱ्याचा निष्कर्ष. दुसरी गोष्ट गुलमंडीच्या चाहत्यासाठी. चेन्नईहून 2018 मध्ये पुण्यात आलेली एटीपी स्पर्धा 2023 नंतर हाँगकाँगला गेली. आता राज्यात वरच्या दर्जाचं टेनिस पाहायचं तर पुण्यातली चॅलेंजर आणि मुंबईतली महिलांची डब्ल्यूटीए 125 स्पर्धा. ऋतुजा भोसले, अर्जुन कढे यांच्यासारखे मराठी खेळाडू आज खेळत आहेत. बालेवाडी इथून एका दिवसाच्या अंतरावर आहे. निवृत्तीची बातमी वाचून हळहळण्यापेक्षा, ते खेळत असताना एकदा तिकीट काढून जा.