एका वर्षाची गाणी : १९५५

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, ताप किती चढला हे तापमापक सांगतो; परंतु एखादे गाणे लोकांना किती आवडले हे कोणत्या मापाने मोजावयाचे? विद्यार्थिमित्रहो, आज हा प्रश्न कोणास पडत नाही, कारण मोबाईलच्या पडद्यावर गाण्याखाली आकडाच दिलेला असतो. इतक्या लक्ष लोकांनी ऐकले, इतक्या कोटींनी पाहिले! ज्याचा आकडा मोठा ते गाणे मोठे, असा हिशेब मग आपोआप होऊन जातो, आणि सीमेवरील आपल्यासारख्या शाळेत कोणी एखादे मराठी गीत म्हटले, तर "हे कोण ऐकते?" असे विचारणारा वर्गात कोणी ना कोणी निघतोच.

हे आकडे पडद्यावर उमटू लागण्यापूर्वीही लोकप्रिय गीतांच्या याद्या होत होत्या. त्या कशा होत, त्यांत काय मावे आणि काय मावत नसे, हे पाहण्यासाठी एकच वर्ष निवडले आहे, ते म्हणजे १९५५. या वर्षी दोन अगदी निराळ्या जातींची गाणी भारतात घरोघर ऐकली गेली. एकांची दर आठवड्यास मोजदाद होत होती. दुसऱ्यांची मोजदाद कोणीच केली नाही.

प्रथम मोजलेल्या गाण्यांकडे वळू. १९५२ मध्ये केंद्र सरकारात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. ते पुण्याचे, अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीते ही लोकांची रुची बिघडवितात असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर त्या गीतांचा वेळ त्यांनी कमी केला, आणि गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय म्हणून तेही बंद केले. निर्माते संतापले, त्यांनी गीते वाजविण्याचे परवाने काढून घेतले, आणि काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. एका दृष्टीने केसकरांचे उपकारच मानले पाहिजेत. कारण अभिजात संगीताला त्यांनी जे व्यासपीठ दिले ते पुढे कोणी दिले नाही. पण रुची हुकूम काढून सुधारत नाही. श्रोत्यांनी काटा फिरविला आणि तो कोलंबोवर जाऊन थांबला.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिणपूर्व आशियातील दोस्त सैन्यासाठी श्रीलंकेत एक बलाढ्य लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. त्यावरून ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलत, त्यांचे ध्वनिमुद्रण कोलंबोस जाई आणि तेथून ते भारतभर पसरे. आरंभी ही यादी नव्हतीच, ते एक कोडे होते. निरनिराळ्या काळांतील सात गीते उलटसुलट क्रमाने वाजवावयाची, श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवावयाचा, आणि बक्षीस शंभर रुपये! पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला असे सयानी सांगत. एवढी पत्रे उघडून तपासणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे झाले, म्हणून १९५४ च्या डिसेंबरात कोडे बंद करून त्या आठवड्याची लोकप्रिय गीते क्रमाने वाजविण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत अशी क्रमवारी चालली ते पहिले संपूर्ण वर्ष १९५५ हेच.

क्रम कसा ठरे? मोठ्या शहरांतील तबकड्यांच्या दुकानांतून त्या आठवड्यात कोणती तबकडी किती खपली याची माहिती मागवीत. ही पद्धत वरवर निर्दोष दिसते, पण तिच्यात एक गंमत आहे. एखादी तबकडी इतकी खपावी की दुकानातील साठाच संपावा. मग पुढील आठवड्यात तिची विक्री शून्य, आणि यादीत ते गीत खाली घसरलेले! विकणाऱ्याला हाताशी धरून आकडा फुगविण्याचा मार्गही मोकळाच. म्हणून पुढे गावोगावच्या श्रोतासंघांची मागणीही जमेस धरण्यात येऊ लागली. १९५५ च्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले ते 'श्री ४२०' या चित्रपटातील गीताला. शब्द शैलेंद्रांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे, आवाज मुकेश यांचा. अंगावर परदेशी वस्त्रे ल्यालेला एक फटिंग आपले अंतःकरण मात्र या देशाचे आहे असे सांगत रस्त्याने चालला आहे, एवढाच त्याचा विषय. ते गीत देशाबाहेर रशियातही जाऊन पोचले. त्याची योग्यता कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

आता न मोजलेल्या गाण्यांकडे येऊ. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांनी कविवर्य ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल असे काहीतरी नभोवाणीसाठी लिहावयास सांगितले. माडगूळकरांनी रामकथा निवडली आणि संगीताची जबाबदारी सुधीर फडके यांनी स्वीकारली. दोघांचाही जन्म १९१९ सालचा. फडके यांच्याविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. १९५४ च्या ऑगस्टात दादरा-नगरहवेलीतून पोर्तुगीज सत्ता उखडणाऱ्या स्वयंसेवकांत ते स्वतः होते. हाती शस्त्र घेतलेला हा माणूस वर्ष उलटण्यापूर्वी कुशलवांच्या गीताला चाल लावीत बसला होता!

१ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार या दिवशी 'गीतरामायणा'तील पहिले गीत प्रसारित झाले आणि मग दर आठवड्यास एक नवे गीत येत राहिले. मूळ योजना ५२ आठवड्यांची, ५२ गीतांची होती. प्रत्यक्षात गीते झाली ५६. हे कसे, याचे उत्तर पंचांगात आहे. शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला. रामकथा रामनवमीस सुरू झाली ती रामनवमीसच संपावी असे ठरलेले. आणि पुढची रामनवमी आली १९ एप्रिल १९५६ रोजी, म्हणजे तब्बल ३८४ दिवसांनी. विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे : १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत शुक्रवार येतात ५५, आणि रामनवमीच्या गुरुवारचे एक गीत मिळून ५६. कोलंबोचे वर्ष ३६५ दिवसांचे होते, पुण्याचे तेरा महिन्यांचे!

पहिल्या गीताविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडके यांच्याकडून ऐन वेळी हरवला. कवी रागावले. तेव्हा लाडांनी त्यांना कागद-लेखणीसह एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, आणि पाव तासात गीत पुन्हा कागदावर उतरले. यातील तिखटमीठ किती हे सोडून देऊ. पण दर आठवड्यास एक गीत लिहून, चाल बांधून, गायकास शिकवून वेळेवर सादर करणे आणि हे ५६ वेळा न चुकता करणे, हा पराक्रम आख्यायिकेवाचूनही पुरेसा आहे. पहिले गीत भूपात, शेवटचे भैरवीत. पहिल्यात कुश-लव रामापुढे गात आहेत, तर शेवटच्यात वाल्मीकी त्यांना रामायण गावयास सांगत आहेत. कथेचे वर्तुळ असे पूर्ण होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, गजानन वाटवे अशा अनेकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते म्हटली.

लोकांना ते किती आवडले? कार्यक्रमाच्या वेळी घरातील रेडिओला हार घालीत, पुढे उदबत्ती लावीत. पुण्याची वृत्तपत्रे त्या त्या आठवड्याच्या गीताचे शब्द छापू लागली. यापलीकडे एकही आकडा नाही. आणि तो असणे शक्यही नव्हते, कारण त्या काळी मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. चित्रपटगीते त्याच मापाने बेतलेली असत. गीतरामायणातील अनेक गीतांत सात-आठ कडवी, कित्येकांत त्याहूनही अधिक! ती त्या तबकडीवर बसणार कशी? आणि जी तबकडीच नाही तिची विक्री दुकानदार सांगणार कोणती? पुढे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या भारतात निघू लागल्या, तेव्हा कोठे १९६५ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइसने सर्व गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात दहा तबकड्यांवर आणली. म्हणजे जे १९५५ चे सर्वांत मोठे मराठी यश, ते त्या वर्षाच्या कोणत्याही यादीत असणेच संभवनीय नव्हते. यादीने खोटे सांगितले असे नव्हे. तिला जेवढे विचारले तेवढेच तिने सांगितले.

विलायतेतील याद्यांचीही हीच कथा आहे. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' नियतकालिक लोकप्रिय गीतांच्या याद्या छापीत असे. रॉक अँड रोल या नव्या दणदणाटी संगीताने ती यादी व्यापून टाकली, तेव्हा प्रौढ श्रोत्यांना रुचणाऱ्या शांत गीतांसाठी १९६१ च्या जुलैत त्यांनी निराळी यादी काढली. ती आरंभी कशी केली जाई हे वाचून मला हसू आवरले नाही. मुख्य यादीतील दणदणाटी गीते गाळावयाची आणि उरलेल्यांना नवे क्रमांक द्यावयाचे, झाली यादी! तिला नाव दिले 'ईझी लिसनिंग', म्हणजे ऐकावयास सोपे. आपल्या आकाशवाणीने भावगीतादी प्रकारांस 'सुगम संगीत' म्हटले, अर्थ तोच. १९७९ पासून अमेरिकेतील त्या यादीचे नाव 'प्रौढांचे समकालीन संगीत' अशा अर्थाचे झाले आहे. नावे बदलली, गाळण्या बदलल्या, तसतशी 'वर्षातील सर्वोत्तम' गीतेही बदलली.

मग या दोन्ही जातींची गाणी आपल्या भागात कशी पोचली असतील? भूगोलाच्या पुस्तकात पाहिले तर पुणे आपल्याला जवळ : सरळ रेषेत कलबुर्गीपासून सुमारे साडेतीनशे आणि बीदरपासून चारशेच्या आत-बाहेर किलोमीटर. कोलंबो सुमारे बाराशे. रेडिओचा भूगोल मात्र उलटा असतो. पुण्याच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि अंतराबरोबर क्षीण होत जातात. आकाशाकडे गेलेल्या लहरी वरचा वायुथर सूर्यप्रकाशात शोषून घेतो. कोलंबोच्या लघुलहरी मात्र त्याहून उंचावरील थरावर आपटून शेकडो कोसांवर उतरतात. त्यामुळे बुधवारी रात्री समुद्रापलीकडचा कार्यक्रम येथे खणखणीत यावा आणि दिवसा पुण्याचे गीत खरखरीत बुडावे, हेच शास्त्राला धरून होते. कलबुर्गीस आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र निघाले ते १९६६ मध्ये. लहरींना जे अंतर तोडता येत नव्हते ते छापील पुस्तकाला तोडता येणार होते. १९५७ च्या विजयादशमीस, ३ ऑक्टोबर रोजी, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण खिशात मावेल अशा पुस्तकरूपाने काढले. योगायोग असा की त्याच दिवशी विविध भारतीचा आरंभ होऊन चित्रपटगीतेही आकाशवाणीवर परतली. केसकर तेव्हाही मंत्री होतेच!

पहिले गीत वाजले तेव्हा हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. शेवटचे गीत संपून सहा महिने होतात न होतात तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. पुस्तक छापून निघेपर्यंत एकाच जिल्ह्याचे वाचक निरनिराळ्या राज्यांत वाटले गेले होते. आता ज्यांची संख्या राज्यात थोडी, त्यांचे गीत राज्याच्या यादीत वर येणे कठीण, हे अंकगणित आहे. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु संख्या थोडी म्हणून गीत थोडे, असे मात्र त्या अंकगणितातून निघत नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरास माणिकप्रभूंची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत. प्रभू समाधिस्थ झाले १८६५ मध्ये. त्यांची पदे कोणत्या वर्षाच्या यादीत घालावयाची?

माझी मातृभाषा कोकणी, शिकविण्याची भाषा मराठी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की कानी पडते ती कानडी आणि दखनी. म्हणून गीतरामायणाच्या पुढील प्रवासातील एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले, त्यांत कानडीही आहे आणि कोकणीही आहे. आणि शब्द बदलले तरी चाली फडके यांच्याच ठेवल्या आहेत.

पुढील वर्षीच्या अंकासाठी आपल्याच भागाची अशी यादी करावी असा विचार आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी तरुणपणी त्यांच्या ओठांवर असलेल्या एका गाण्याचे नाव विचारावे, ते त्यांनी कोठे ऐकले, म्हणजे रेडिओवर, तबकडीवर, चित्रपटगृहात, भजनात की उरुसात, हे टिपून घ्यावे आणि चिठ्ठी मराठीच्या शिक्षकांकडे आणून द्यावी. गाणे कोणत्याही भाषेतील चालेल. वर्ष मात्र लिहावयास विसरू नये.