दुभाष्या कोणाला मिळतो?

गुरुग्रामच्या पंचतारांकित रुग्णालयांत इराक किंवा उझबेकिस्तानातून आलेल्या रुग्णासाठी दुभाष्या हजर असतो. त्याच शहरात पश्चिम बंगालच्या मालद्याहून येऊन चार घरची धुणीभांडी करणारी बाई सरकारी रुग्णालयात जाते, तेव्हा तिचं दुखणं हिंदीत सांगायला शेजारीण मिळाली तर मिळाली. परका कोण, हे इथे भाषेपेक्षा खिशावरून ठरतं.

परमुलखातल्या रुग्णांशी कसं वागावं, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवावं, हा विचार नवा नाही. अमेरिकेच्या मॅडलिन लायनिंजर यांनी 1950च्या दशकातच तो मांडायला सुरुवात केली. पण अशा शिकवण्याची एक खोड आहे. ते लवकरच याद्यांवर उतरतं: अमके लोक असे, तमके तसे. टर्वलॉन आणि मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी 1998मध्ये एक प्रसंग नोंदवला. शस्त्रक्रियेनंतर लॅटिन अमेरिकी वंशाची एक बाई कण्हत होती. तिला फार दुखतंय, असं डॉक्टर म्हणाले. परिचारिकेने ते उडवून लावलं. हे लोक दुखणं वाढवून दाखवतात, असं ती म्हणे अभ्यासक्रमातच शिकली होती! शिकली नसती, तर कदाचित तिने त्या बाईलाच विचारलं असतं.

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी राम्सडेन यांनी प्रश्नच उलटा केला. रुग्णाच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतःचे ग्रह तपासा, आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्णाला ठरवू द्या. मला हे अधिक पटतं.

गुरुग्रामात तर त्याची फारच निकड आहे. जुलै 2025मध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी बंगाली बोलणाऱ्या अनेक कामगारांना ताब्यात घेतलं; कित्येक कुटुंबं शहर सोडून गेली. अशा घरातल्या गरोदर बाईला केसपेपरसाठी नाव-पत्ता विचारताना सूर जरा चढला, तरी ती पुन्हा तपासणीला फिरकणार नाही. गंमत म्हणजे या भागातल्या कितीतरी परिचारिका स्वतःच केरळ-मणिपूरहून आलेल्या. त्यांनाही परकेपणा चुकत नाही: जून 2021मध्ये दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयात परिचारिकांसाठी ‘मल्याळम बोलू नका’ असं परिपत्रक निघालं होतं. ओरड होताच ते मागे घेतलं गेलं.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या 2021च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात उपयोजित समाजशास्त्र आहे. त्यातले काही तास कामगारवस्तीत व्हावेत, आणि विद्यार्थिनीच्या वागण्याचे थोडे गुण रुग्णाच्या हाती असावेत. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनीही हे करून पाहावं. आपल्या वॉर्डांत ‘भय्या’ आणि ‘ऊसतोडवाली’ हे शब्द कोणत्या सुरात उच्चारले जातात, ते आपल्याला ठाऊक आहे.