पाण्यातली तहान

आमच्या लातूर-नांदेडकडच्या माणसाला समुद्र तो चित्रातलाच. अशा मुलखातल्या माणसाने देवमाशाच्या शिकारीचा चित्रपट पाहावा अन् तो त्याला घरचा वाटावा, हे नवलच! पण रॉन हॉवर्ड यांचा २०१५ सालचा ‘इन द हार्ट ऑफ द सी’ पाहताना माझे तसे झाले खरे.

कथा घडलेली आहे. अमेरिकेतील नॅनटकेट बेटावरून १८१९ च्या ऑगस्टमध्ये ‘एसेक्स’ नावाचे जहाज देवमाशांच्या शिकारीस निघाले. हेतू एकच, तेल! त्या काळी देवमाशाच्या तेलावर शहरांतले दिवे जळत. २० नोव्हेंबर १८२० रोजी भर पॅसिफिक महासागरात एका प्रचंड देवमाशाने जहाजाला दोन धडका दिल्या, अन् जहाज बुडाले. हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीमागे हीच घटना होती.

पडद्यावरचा देवमासा पुढेही खलाशांचा पाठलाग करीत राहतो. इतिहासातला मात्र धडक देऊन निघून गेला. त्यानंतर ज्या वैऱ्याने खलाशांना गाठले, त्याचे नाव तहान. वीस माणसे, तीन होड्या आणि माणशी दिवसाला जेमतेम पाव लिटर पाणी! जवळच्या बेटांवर नरभक्षक राहतात या भीतीने त्यांनी ती बेटे टाळली. आणि शेवटी सोबत्यांच्याच मांसावर दिवस काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. विसांपैकी आठच वाचले.

मी हा चित्रपट पाहिला तो लातुरात, २०१६ च्या उन्हाळ्यात. त्याच एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने शहराला पाणी आले होते. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. घरात हंडे, घागरी, बादल्या ओळीने मांडलेल्या. पडद्यावर ओठ फुटलेले खलाशी घोट मोजीत होते. आईने विचारले, “एवढं पाणी हाय की रं भवताली, पिईनात का?”

“खारं असतं गं ते.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग ते बी आपल्यासारखेच की!”

देवमाशाची कीव मात्र तिला त्या दिवशी आली नाही. ती आली २०२३ च्या दिवाळीत. गणपतिपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले होते. वन खात्याची माणसे अन् गावकरी ओली कापडे टाकून, पाणी मारून त्याला जगवीत होते. पिल्लाला समुद्रात लोटलेही; पण ते वाचले नाही.

ती बातमी ऐकून आई म्हणाली, “पाणी तर दिलं ना त्याला?”

दिव्याच्या तेलासाठी ज्याला माणसाने दोनशे वर्षांपूर्वी मारले, त्याच्याच वंशजासाठी माणसे ऐन दिवाळीत, हातचे दिवे बाजूला ठेवून, पाणी वाहत होती. पाण्याचे मोल जाणणाऱ्या माझ्या आईला त्यात सारे काही आले.